मांडीतली उडी

“मग तू त्याला उडी मारताना पाहिलंस?”

“पाहिलं म्हणजे… सर, तो पानावर होता. मी हात पुढे केला. मग तो पानावर नव्हता.”

“म्हणजे तू त्याला नसताना पाहिलंस.”

ऋजुतानं मांडीवरची पिशवी सावरली.

पिशवीत काचेची नळी होती आणि नळीत तो होता. मिरीच्या दाण्याएवढा, गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचा, पानं खाणारा एक भुंगेरा. एस.टी.त सगळ्या वाटेवर तिनं पिशवी छातीशी धरून ठेवली होती. शेजारच्या बाईनं शेवटी न राहवून विचारलं होतं, “देव आसा काय गो आत?”

तिरोडकर सर पडवीत वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या नजरेतलं मधलं गेलं होतं, कडेकडेचं तेवढं उरलं होतं. समोरच्याचा चेहरा बघायचा तर त्यांना त्याच्या खांद्यापलीकडे नजर लावावी लागे. आल्यापासून ऋजुता त्या नजरेनं दचकून मागे वळत होती. मागे कोणीच नसायचं. सर तिच्याकडेच बघत असायचे.

“मी काय पाहिलं ते सांगू?” सर म्हणाले. “मी कुंचल्याचं टोक लावलं. तो पडला. पाय पोटाशी घेऊन, मेल्यासारखा. पुन्हा लावलं. पुन्हा पडला. उडी मारली नाही.”

“म्हणून तुम्ही त्याला उडी न मारणाऱ्यांत घातलंत.”

“म्हणून घातलं.”

“आणि कुठेच बसेना म्हणून त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केलीत. आडसुला.”

“सड्याचं नाव दिलं. दुसरं काय देणार? आडसुळाच्या सड्यावर, त्या उघड्या जांभ्याच्या माळावर तो होता. दुसरीकडे कुठेच नव्हता.”

भुंगेऱ्यांची घराणी लावणारी माणसं जगात मूठभर असतात आणि ती असल्या गोष्टींवरून जन्मभर भांडतात. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांत एक मोठा गट उडी मारणाऱ्यांचा. द्राक्षबागांत शेतकरी ज्याला उडद्या म्हणतात, तो त्यातलाच. त्यांच्या मागच्या मांडीच्या आत एक कडक, वळलेला आकडा असतो, कमानीसारखा. तो ताणला जातो, सुटतो, आणि भुंगेरा पानावर असतो तो नसतो. ज्यांच्या मांडीत आकडा नाही, त्यांचं घराणं वेगळं.

म्हणजे ह्या नळीतल्याच्या मांडीत आकडा निघाला, तर तो उडी मारणाऱ्यांतल्या एका जुन्याच प्रजातीत जात होता; आडसुला ही वेगळी प्रजाती उरतच नव्हती. सरांनी अख्ख्या आयुष्यात जगाच्या यादीत घातलेलं एकुलतं एक नाव खोडलं जाणार होतं. आणि ते खोडणं हेच ऋजुताच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होतं.

एस.टी.त तिनं हे कसं सांगायचं ते घोकलं होतं. अदबीनं, वळणावळणानं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते नागडंच.

“सर, तुमची आडसुला ही प्रजातीच नाही.”

“असेल.”

“मांडी बघा ना त्याची! किती जाड आहे!”

“जाड मांडी म्हणजे उडी नव्हे. आमची आक्का बघ.”

“आयकलंय हां मी, बाबल्या!” आतून आवाज आला.

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. पदराला हात पुसत ती दारात आली आणि ऋजुताकडे बघून म्हणाली, “ह्या किड्यांचा चेडू सकाळपासून उपाशी आसा. ह्येका चाय देव, काय आधी ती विखाची बाटली उघडतलास?”

“चहा दे,” सर म्हणाले.

ऋजुताला हसायला हवं होतं. हसू आलं नाही. किडे मारायच्या औषधाची तसलीच एक बाटली तिनंही पिशवीतून आणली होती.

“तुमचा जुना नमुना असता तर प्रश्नच नव्हता,” ती म्हणाली. “तुमच्या कॉलेजात जाऊन पेटी उघडली मी. टाचणी आहे. टाचणीखाली तपकिरी भुकटी.”

“दुसऱ्या भुंगेऱ्यांनी खाल्लं. त्यांच्या अळ्या वाळलेलं सगळं खातात. डांबरगोळ्या बदलत राहायला लागतात, बाई. मी निवृत्त झालो, मग कोण बदलणार?”

“माझ्या गाईड म्हणाल्या, नमुना नाही तर माणूस तरी गाठ. तिरोडकरांकडून एकदा हो म्हणवून घे. नाहीतर परीक्षक म्हणतील, ज्यानं प्रजाती केली त्याला विचारलंच नाही.”

“आणि सडा?”

“काय, सर?”

“सडा कसा आहे?”

ऋजुतानं बोटांनी पिशवीचा बंद पिळला. “चिरेखाण लागलीय तिथे. कापून नेलाय, सर. वरचा जांभा सगळा गेला. आता खड्डे आहेत, चौकोनी. त्यांत हिरवं पाणी. एक झुडूप राहिलं होतं कडेला. त्यावर हा एकटा.”

“नीट शोधलंस?”

“अख्खा पावसाळा शोधलं.”

पडवीच्या पत्र्यावर सुपारीची झावळी घासली गेली आणि ऋजुता पुन्हा दचकली.

“सर, तुम्ही फक्त एकदा म्हणा. की तेव्हा चूक झाली होती.”

“झाली असेल. माझ्या म्हणण्यानं काय होतंय? त्यालाच विचारू. काढ बाहेर.”

तिनं टेबलावर पांढरा कागद पसरला. नळीचं बूच काढून ती हलकेच आडवी केली. भुंगेरा कागदावर आला आणि थांबला. तिनं घाईघाईनं त्याच्यावर काचेचा वाडगा पालथा घातला.

“अगं, वाडग्याखाली कुंचला कसा घालशील?”

तिचे कान लाल झाले. तिनं वाडगा एका बाजूनं जरासा उचलला, फटीतून कुंचला आत सरकवला. टोक भुंगेऱ्याच्या पाठीला लागलं.

तो हलला नाही.

तिनं पुन्हा लावलं.

त्यानं डोक्यावरची एक मिशी खाली केली, वर केली. उडी मारली नाही. पडलाही नाही. होता तिथेच राहिला.

“काय करतोय?” सरांनी विचारलं.

“काहीच नाही.”

“पडला?”

“नाही.”

“मग दोघंही चुकलो.” सर पुढे म्हणाले, “खाल्लंय का त्यानं?”

नळीत ऋजुतानं त्याच झुडपाचं एक पान घातलं होतं. ते आता चहापत्तीसारखं काळं, चुरगळलेलं झालं होतं. “परवा घातलं होतं. दुसरं कुठलं पान खात नाही तो. पेरू दिला, जास्वंद दिली. तोंड लावलं नाही.”

“मग जा. पान घेऊन ये.”

“सड्यावर? आत्ता?”

“दुपारची गाडी आहे. पान आण, त्याला खाऊ दे. अंगात जीव आला की तो काय ते सांगेल.”

“झुडूप असेलच असं नाही, सर. मी निघाले तेव्हा यंत्र तिथवर आलं होतं.”

“नसेलच असंही नाही.”

ऋजुता उठली. खरोखरच उठली. चपलेत एक पाय घातला. मग वळून वाडग्याकडे बघितलं. प्रबंध ह्या आठवड्यात द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून झाली होती. झुडूप नसलं तर? असलं आणि येईपर्यंत उशीर झाला तर? आणि…

“आणि सर, खाऊन त्याला ताकद आली, अन् त्यानं उडी मारली, आणि गेला… तर माझ्याकडे पुरावाच राहणार नाही.”

“कशाचा?”

“तो उडी मारतो ह्याचा.”

सर हसले. सकाळपासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि आतून आक्का ओरडली, “पाणी पी, मेल्या!”

ऋजुताला आपण काय बोललो ते कळलं. पण ते मागे घेण्यासारखंही तिला वाटेना. खरंच होतं ते. उडी कोणी मानत नाही. आकडा मानतात. आकड्याचं चित्र काढता येतं, छापता येतं. तिनं चपलेतून पाय काढला.

“कापूनच बघते, सर.”

ती टेबलाकडे परतली.

“कापलं की लगेच कळेल. तुम्हालाही कळेल. इतकी वर्षं…”

“कापलंस तर उडी मारेल?”

“नाही. पण मारत होता का, ते ठरेल.”

“आणि नाही कापलंस तर?”

“तर मारेलही कदाचित. पण ठरणार काहीच नाही.”

“हं,” सर म्हणाले.

ती वाट बघत राहिली. ते नको म्हणतील असं तिला वाटलं होतं. म्हणाले असते तर तिनं वाद घातला असता. वादाची तिची सगळी तयारी होती.

“सर, तुम्ही काही बोलत का नाही?”

“प्रबंध तुझा आहे. सूक्ष्मदर्शक आत खिडकीपाशी आहे. वरचं फडकं काढ, झटकू नकोस, धूळ उडते.”

तिनं पिशवीतून बाटली काढली. बूच उघडताच नखांचा रंग काढायच्या औषधासारखा गोड वास पडवीभर झाला. आक्का चहाचा कप घेऊन येत होती, ती दारातूनच मागे फिरली. कप उंबऱ्यावर ठेवून गेली.

कापसाचा बोळा ओला करून ऋजुतानं नळीत घातला. मग भुंगेरा कागदावरून नळीत घेतला. तो आपसूक चालत गेला. तिनं बूच लावलं.

हे तिनं शेकडो वेळा केलं होतं. प्रत्येक वेळी नळीकडे बघत राहायचं असतं; कधी पाय आखडतात, कधी थांबतात, ते लिहून ठेवायचं असतं. आज तिला बघवेना. तिनं मान वळवली आणि अंगणातल्या अळवाकडे बघत राहिली.

टक्.

काचेवर नख मारावं तसा आवाज. एकदाच.

ती इतकी दचकली की नळी हातातून सुटता सुटता राहिली.

“काय झालं?” सर खुर्चीत पुढे झाले होते. “काय वाजलं?”

“माहीत नाही.”

“उडी मारली?”

“मी… मी बघत नव्हते, सर.”

“पडला असेल?”

तिनं नळी डोळ्यांपुढे धरली. तो तळाशी उताणा होता. पाय पोटाशी.

“पडला असेल,” ती म्हणाली. आणि हे सरांचंच वाक्य आपण बोललो हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पुढचं काम हातांनी केलं, तिनं नाही. खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकाखाली तिनं त्याला उजव्या कुशीवर ठेवलं. मागचा पाय सुईनं सोडवला, पापणीच्या केसाएवढा. मांडीच्या सालीला एक उभा छेद दिला. आतलं पांढरं मांस सुईच्या टोकानं बाजूला सारलं.

आणि तिथे तो होता. पारदर्शक, मधाच्या रंगाचा, नखाच्या कोरीसारखा वळलेला. इतका सुंदर की ती क्षणभर श्वास घ्यायची विसरली.

“आहे!” ती ओरडली. “सर, आकडा आहे! मी म्हणत होते ना! आहे!”



ती बाहेर आली. सर तसेच बसले होते.

“नीट बघितलंस?” त्यांनी विचारलं.

“नीट बघितलं.”

“म्हणजे माझी चूक होती.”

हे ऐकायला ती आली होती. एवढ्यासाठीच आली होती. गाईडना आता फोन करता येणार होता. प्रकरण पुरं होणार होतं.

“हो, सर,” ती म्हणाली.

“आडसुला गेली.”

“…हो.”

“बरं झालं कळलं.” सरांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. ती राग शोधत होती, सापडला असता तर बरं वाटलं असतं. “मला काही तो दिसायचा नाही. इथे ठेव.”

त्यांनी उजवा तळहात पुढे केला, उताणा.

तिनं चिमट्यानं तो पाय आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. कातडीच्या सुरकुत्यांत तो दिसेनासाच झाला. सरांनी बोटं मिटली नाहीत. हात गुडघ्यावर टेकवला, पाठ ताठ केली आणि मान जराशी वळवली. कडेच्या नजरेनं ते हाताकडे बघू लागले.

ऋजुता उभी राहिली. आता ते काही बोलतील. काही विचारतील. पाय परत देतील.

उंबऱ्यावरच्या चहावर साय धरली. आक्का दारात येऊन उभी राहिली.

सर हलले नाहीत. तळहात जराही थरथरत नव्हता. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचा हात इतका स्थिर राहू शकतो, ह्याचीच तिला भीती वाटायला लागली.

“सर…” तिला राहवेना. “सर, तुम्ही काय करताय?”

त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

“हळू बोल,” ते कुजबुजले. “तू म्हणालीस ना, हा उडी मारतो.”