झिपरीच्या धावा

जनावरं एकमेकांना टोमणे मारत, त्या काळची गोष्ट. एका धनगराच्या कळपावर झिपरी नावाची कुत्री राखण करी. पाय मोडल्यापासून तिला लांबचं चालवेना, म्हणून धनगर तिला कोकरांसोबत घोडीवर बसवी. मुक्काम पडला की ती उतरे आणि जवळच्या बाभळीपर्यंत जीव खाऊन धावे. धाप ओसरली की पुन्हा. अशा रोज आठ धावा.

"पाच कोस बसून यायचं आणि मग उड्या मारायच्या," दिवसभर कळपामागे चालणारा भुऱ्या कुत्रा म्हणे. "अशी राखण होते होय?"

त्यावर झिपरी आणखी एक, नववी धाव घेई.

एके सकाळी लांडग्याने कोकरू उचललं. भुऱ्या उठेपर्यंत झिपरीने लांडग्याला बाभळीपाशी गाठलं होतं. कोकरू सुटलं, पण भेदरून माळापल्याड पळालं. धाप लागून झिपरीला उभं राहवेना.

"आता तू," ती म्हणाली.

भुऱ्या वास काढत दिवसभर चालला आणि कोकराला घेऊनच परतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या ओढ्यापर्यंत झिपरी पायी चालली. मुक्कामाला भुऱ्या बाभळीकडे बघत उभा राहिला.

"किती जोरात धावायचं?"

"धावून ये आणि बोलून बघ," झिपरी म्हणाली. "बोलता आलं, तर ती धाव धरायची नाही."