विसाव्याची चटई

नदीकाठच्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचं एक लहानसं देऊळ होतं, आणि त्या देवळात एक गुरुजी होते. गावाचं नाव कनेरगव्हाण. हिवाळ्यात नदीवरून धुकं उठायचं ते सरळ देवळात शिरायचं. सकाळच्या उपासनेला पुढच्या माणसाला मागचा दिसायचा नाही. गाणं मात्र ऐकू यायचं. धुक्यातच कुणीतरी ढोलकीवर थाप मारायचं, कुणीतरी टाळ धरायचं, आणि चाळीस उंबऱ्यांची ती मंडळी अर्धी झोपेत, अर्धी जागी अशी देवाचं गाणं म्हणायची.

गुरुजींचं नाव यशया. त्यांची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. पाळकसाहेबांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, पाच गावं असल्यामुळे ते महिन्यातून एकदाच येत, बाकीचे रविवार गुरुजीच सांभाळत. माणूस प्रेमळ, पण शिस्तीचा भारी सोस. शाळेत त्यांनी जन्मभर पोरांना उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं होतं, त्यामुळे देवळातला गोंधळ पाहून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. एकच मोठी सतरंजी, आणि तिच्यावर म्हातारे, तान्ही पोरं, नव्या सुना असे सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. शास्त्रपाठ चालू असताना एखादं पोर मध्येच आजीला विचारायचं, "मग त्या हरवलेल्या मेंढराचं पुढं काय झालं?" आणि आजी तिथल्या तिथं सांगत बसायची.

"अशानं कुणीच काही शिकत नाही," गुरुजी म्हणाले. आणि एका रविवारी त्यांनी देवळाच्या चार कोपऱ्यांत चार चटया टाकल्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची चटई अंकुर. तिथून तिशीपर्यंत उमेद. पुढे साठीपर्यंत संसार. आणि साठीच्या पुढे विसावा. अंकुरला स्वतः गुरुजी शिकवणार होते. उमेदच्या मुलांना लाजरसभाऊ ढोलकी आणि गाणी शिकवणार, संसाराच्या चटईकडे पंच शमुवेलराव बघणार. विसाव्याला कुणी शिक्षक नेमला नाही. "त्यांचं शिकून झालंय आणि शिकवूनही झालंय, त्यांनी आता निवांत बसावं," असं गुरुजी म्हणाले, आणि ते त्यांनी अगदी मनापासून, मायेनं म्हटलं होतं.

त्या देवळात एक जुनी चाल होती. आठवड्यात ज्याचा वाढदिवस असेल त्यानं रविवारी पुढं यायचं, एक मेणबत्ती लावायची आणि देवानं आपल्याला किती वर्षं सांभाळलं ते मोठ्यानं सांगायचं. मग मंडळी त्याच्यासाठी एक कडवं म्हणायची. गुरुजींनी या चालीचा छान उपयोग करून घेतला. वय कानावर पडलं की ते हजेरीपट उघडत, नाव या पानावरून त्या पानावर नेत, आणि तो माणूस सगळ्यांदेखत एका चटईवरून उठून दुसरीवर जाऊन बसे. बारा पूर्ण झालेली पोरं तोऱ्यात जायची. साठीची माणसं सावकाश जायची, आणि बसल्यावर थोडा वेळ मागं वळून बघायची.

हा नियम केला तेव्हा गुरुजी चोपन्न वर्षांचे होते. साठी तेव्हा त्यांना नदीपलीकडच्या डोंगराएवढी लांब दिसत होती.

शिस्त लागली, यात काही शंका नाही. पोरं वचनं घडाघडा म्हणायला लागली. मध्येच कुणी काही विचारेना. संसाराच्या चटईवर कांद्याच्या भावाची चर्चा रंगायची, विसाव्याच्या चटईवर माना डुलायच्या, आणि धुकं चारही चटयांमधून हळूहळू फिरायचं. एका वर्षी थोमादादा वारले. साठ वर्षं या देवळात टाळ धरलेला माणूस. त्यांच्या मातीला जाताना उमेदच्या चटईवरचा एक तरुण शेजारच्याला हळूच म्हणाला, "विसाव्यातले नेमके कोणते रे हे?" गुरुजींनी ते ऐकलं. ऐकलं आणि पुढं चालू लागले.

दिवस काय, नदीसारखे गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेनं गुरुजींना हार घातला, नारळ दिला आणि घरी बसवलं. आता आठवड्याचे सहा दिवस घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणाचा आवाज नसे. सातव्या दिवशी मात्र अंकुरची अठरा पोरं "सलाम, गुरुजी" म्हणून ओरडत, आणि तेवढ्यावर गुरुजींचा पुढचा आठवडा निघत असे. सात वर्षांची रोदा तर त्यांच्या गुडघ्याला चिकटूनच बसायची. तिचे पुढचे दोन दात पडले होते आणि तोंड मिटत नव्हतं.

मग तो हिवाळा आला. गुरुजींना साठ पूर्ण झाली.

त्या रविवारी धुकं इतकं दाट होतं की वेदीवरची मेणबत्त्यांची ताटली नुसती पांढुरकी दिसत होती. "कुणाचा वाढदिवस?" गुरुजींनी नेहमीसारखं विचारलं. कुणी उठलं नाही. काडीपेटी गुरुजींच्या हातातच होती. एक काडी ओढायची आणि एक आकडा सांगायचा, एवढंच काम. पण त्यानंतर उठून त्या कोपऱ्यात जायचं, आणि अंकुरची पोरं दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करायची. त्यांनी काडीपेटी खाली ठेवली. "कुणाचा नाही. बरं, पुढचं गीत घेऊ."

उपासना सुटली. विसाव्याच्या चटईवरून सलोमीआजी काठी टेकत बाहेर आल्या. वय ब्याऐंशी, पाठ वाकलेली, नजर मात्र सुईच्या टोकासारखी.

"आज धुकं लई व्हतं न्हाई, गुरुजी?" त्या म्हणाल्या. "मेणबत्ती लावली असती तरी कुणाला दिसली नसती."

आणि त्या निघून गेल्या. म्हातारीला आपली जन्मतारीख कशी ठाऊक, या विचारानं गुरुजींना घास गोड लागला नाही.

दुपारी ते देवळाच्या ओसरीवर बसले होते. उन्हाला ऊब नव्हती, धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. स्वप्नात तेच देऊळ होतं, पण त्याला भिंती नव्हत्या. धुक्यात लांबवर माणसं बसली होती, आज असलेली आणि कधीच गेलेली, सगळी. गुरुजी हजेरीपट घेऊन त्यांच्यातून फिरत होते आणि विचारत होते, "साठीच्या पुढचे कुठं? बारापर्यंतचे कुठं?" शेवटी थोमादादांनी टाळ थांबवला. "गुरुजी, हितं वय कुणाला आठवत न्हाई बघा. बसा की कुठंबी." गुरुजींनी बसायचा खूप प्रयत्न केला, पण त्यांचे गुडघेच वाकेनात. सगळे सरकून जागा करत होते आणि ते मध्येच ताठ उभे होते. जाग आली तेव्हा त्यांचे पाय खरंच आखडले होते आणि डोळे ओले होते.

आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक.

पुढच्या रविवारी लाजरसभाऊ पुढं आले. उमेदच्या मुलांना सहा वर्षं ढोलकी शिकवणारे हेच ते. त्यांनी मेणबत्ती लावली. "देवानं साठ वर्षं सांभाळलं," ते म्हणाले. मंडळीनं कडवं म्हटलं. मग कुणी न सांगता लाजरसभाऊंनी गळ्यातली ढोलकी काढली, एका पोराच्या हातात दिली, आणि विसाव्याच्या कोपऱ्याकडे चालू लागले. चालताना त्यांनी दोनदा उपरण्यानं तोंड पुसलं.

गुरुजींनी हजेरीपट उघडला. लाजरस आपल्यापेक्षा आठ दिवसांनी लहान. त्याचं नाव त्या पानावर लिहायचं होतं. पेन टेकलं, पण पुढं सरकेना.

"लाजरसभाऊ, थांबा," गुरुजी म्हणाले. ते वेदीपाशी गेले. धुक्यानं काड्या सादळल्या होत्या, तीन वाया गेल्या. चौथीनं मेणबत्ती पेटली. "देवानं मलाही साठ वर्षं सांभाळलं. गेल्या रविवारी पूर्ण झाली. मी सांगितलं नाही. पोरं सुटतील म्हणून मी लपवलं. मला त्याची लाज वाटते."

मग शमुवेलराव पंच उठले. भला माणूस. ते समजुतीनं म्हणाले, "गुरुजी, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही शिकवता. तुमच्यापुरता नियम बाजूला ठेवू, कुणाची काही हरकत नाही."

खरंच कुणाची हरकत नव्हती. अंकुरच्या चटईवर अठरा तोंडं त्यांच्याकडेच बघत होती. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"लाजरसभाऊही शिकवतात," गुरुजी म्हणाले. "आणि त्या कोपऱ्यातल्या बाकीच्यांना काय काय येतं, ते तर मी कधी विचारलंसुद्धा नाही." एवढं बोलून त्यांनी लाजरसभाऊंचा हात धरला, आणि दोघं जाऊन विसाव्याच्या चटईवर बसले.

"सरका गं जरा," सलोमीआजी बायांना म्हणाल्या.

तिथून देऊळ वेगळंच दिसत होतं. वेदी लांब होती. शब्द अर्धेमुर्धे ऐकू येत होते. धुकं या कोपऱ्यात जरा जास्तच साचत होतं. सहा वर्षं ही माणसं इथं अशी बसली होती, आणि इथं बसवणारे आपण होतो, हे गुरुजींना आत्ता पहिल्यांदा नीट दिसलं. त्यांनी खाली मान घातली.

तेवढ्यात चटयांच्या मधली मोकळी जागा ओलांडून रोदा आली. वाढदिवस नाही, काही नाही. आली आणि गुरुजींच्या गुडघ्याला चिकटून बसली. गुरुजींना तिला परत पाठवता येईना. ते गुपचूप सरकले.

रोदानं त्या सगळ्या सुरकुतलेल्या तोंडांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग सलोमीआजींना विचारलं, "आजी, गुरुजीपण कधी ल्हान होते?"

मंडळी हसली. आजी हसल्या नाहीत.

"व्हते की. अशाच धुक्यात जलमले. माझा दाविद आन् ह्ये एकाच आठवड्यातले. ह्यांच्या आईला ताप चढला, चार महिने उतरला न्हाई. दूध आटलं. पोर वाचायचं न्हाई म्हनले समदे. मंग या मंडळीतल्या पाच बायांनी पाळी लावली. सकाळी एकीनं पाजायचं, दुपारी दुसरीनं. माझ्या एका मांडीवर दाविद आन् एका मांडीवर ह्यो यशया. लई खादाड व्हता."

गुरुजी आजींच्या जवळ सरकले. "मला हे कुणी कधी सांगितलं नाही, आजी."

"तुज्या आईला वाईट वाटायचं, दूध आलं न्हाई म्हून. ती व्हती तवर आमी बोललो न्हाई. आन् मागनं तू कधी जवळ बसलाच न्हाईस, मंग सांगायचं कवा?"

अंकुरची पोरं एकेक करून येऊन बसली होती. "मग पुढं?" "दाविदचं दूध कमी नाही पडलं?" "भांडण नाही झालं?" प्रश्नांवर प्रश्न. उमेदच्या मुलांनी आपली चटई ओढत जवळ आणली, म्हणजे नीट ऐकू येईल. तान्ही पोरं काखेत घेऊन संसाराच्या बाया आल्या, त्यांच्या मागून शमुवेलराव आले. कधी कोण कुणाशेजारी बसलं ते त्या धुक्यात कुणाच्या लक्षातही आलं नाही. लाजरसभाऊंच्या मांडीवर कुणीतरी ढोलकी आणून ठेवली.

"बाकीच्या चौघी कोण, आजी?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"तिघी गेल्या देवाघरी. चौथी ती काय, भितीला टेकलीया."

भिंतीला टेकून मार्थाबाई डुलक्या घेत होत्या. नव्वदीला आलेल्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या. सहा वर्षं दर रविवारी गुरुजींनी त्यांच्या नावापुढे हजेरीची खूण केली होती, आणि सहा वर्षांत त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. ते गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांचा वाळलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

मार्थाबाईंनी डोळे उघडले. गुरुजींच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून बघितलं.

"कोन, यशया का?" त्या म्हणाल्या. "पोट भरलं का रं बाळा?"

"अजून नाही, आई," साठ वर्षांचे गुरुजी म्हणाले, आणि तिथंच त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.

तात्पर्य: शिकून झालं म्हणून ज्यांना आपण कोपऱ्यात बसवतो, त्यांच्याजवळच आपलं शिकायचं राहिलेलं असतं, म्हणून देवाच्या घरात लहानथोरांनी सरकून एकमेकांना जागा द्यावी आणि जवळ बसून विचारावं.