चिचुंद्रीने ठेवलेले पाणी

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, तळ्याकाठच्या मोहाच्या मुळांशी एक चिचुंद्री राहत असे. अंगाने इवलीशी, डोळ्यांनी अधू आणि अंगाला असा उग्र दर्प, की शेजारीपाजारी लांबूनच तिची विचारपूस करत. पण मुलांनो, तिचे नाक मात्र विलक्षण होते. तळ्यावर कोण पाणी पिऊन गेले, कोणत्या दगडाखाली गोगलगाय निजली आहे, हे ती न पाहता सांगे.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि जंगलात तापाची साथ आली. डास चावत, मग काही दिवसांनी अंगात हुडहुडी भरे आणि ताप चढे. मोठी जनावरे कशीबशी उठून उभी राहत, लहानग्यांचे मात्र फार हाल होत. चिचुंद्रीच्या शेजारी एक हरिणी राहत होती. तिच्याशी नाक न मुरडता बोलणारी तेवढी एकच. त्या हरिणीचे पाडसही तापाने पाचोळ्यावर पडून राहिले.

शेवटी गव्याने सगळ्यांना तळ्याकाठी बोलावले. तो जंगलाचा म्होरक्या होता. पुढच्या पौर्णिमेला हे तळे सोडायचे आणि घाटापलीकडच्या नदीवर राहायला जायचे, असे त्याने सांगितले.

हरिणी पुढे आली. "दादा, माझं पाडस पाण्यापर्यंतसुद्धा चालत नाही. घाट कसा चढेल?"

गव्याने मान खाली घातली. तो काही निर्दय नव्हता. "ताई, त्याच्यासाठी थांबलो तर बाकीची पिल्लं आजारी पडतील. तूच सांग, मी काय करू?"

तेव्हा चिचुंद्री हळूच म्हणाली, "पौर्णिमेपर्यंत मला वेळ द्या. डास कुठून येतात, कशाला भुलतात, हे कोणी नीट पाहिलंच नाही. ते कळलं तर काही उपाय सुचेल."

"तू नुसती तळ्याभोवती एक फेरी मार," माकड फांदीवरून म्हणाले. "तुझ्या वासानेच पळतील."

सगळे हसले. चिचुंद्रीही हसली. "तसं असतं तर बरं झालं असतं, माकडराव. मला तर ते तुमच्याआधी चावतात."

गव्याने मुदत दिली. चिचुंद्रीने आपल्या जोडीला तळ्यातल्या बेडकाला घेतले. नाक हिचे आणि डोळे त्याचे, अशी दोघांची भागीदारी ठरली.

रोज संध्याकाळी दोघे पाडसाजवळ बसत. जवळच इतर पिल्लेही असत. पण डास त्यांना ओलांडून पाडसाकडेच जास्त येत. चिचुंद्रीने हुंगून पाहिले, तर तापलेल्या अंगाला एक वेगळाच गोडसर वास होता. डास डोळ्यांपेक्षा वासावर चालतात, हे तिच्या ध्यानात आले. तिने हरिणीला पाडसाच्या अंगावर ओल्या चिखलाचा जाड थर द्यायला सांगितले. डासांची गर्दी लगेच कमी झाली.

पण रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या अंडी घालायला कुठे जातात? बेडूक त्यांच्या मागावर राहिला. तळ्यात मासे होते, म्हणून त्या तिकडे फिरकल्या नाहीत. कातळावरच्या खळग्यातल्या स्वच्छ पाण्यावरूनही पुढे गेल्या. उतरल्या त्या काठच्या चिखलात उमटलेल्या, पाणी साचलेल्या मोठमोठ्या खुरांच्या खड्ड्यांवर. त्यांत गवत कुजले होते. चिचुंद्रीने नाक लावले आणि ती मागेच सरली. इतका आंबूस वास!

खूर कोणाचे, हे सांगायची गरज नव्हती. गव्याने स्वतःच ते खड्डे माती लोटून बुजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी हात लावला आणि दिवस मावळायच्या आत काठ सपाट झाला.

पुढचे काही दिवस जंगल निवांत झोपले. पण एका संध्याकाळी पुन्हा कानाशी गुणगुण सुरू झाली. झाडांच्या ढोलीत, बांबूच्या खुंटात, दगडांच्या फटीत, जिथे चुळकाभर पाणी दिसले तिथे माद्यांनी अंडी घातली होती. एवढ्या जागा शोधायच्या कशा नि बुजवायच्या कशा? त्यात रानडुकराचे एक पिल्लूही तापाने पडले. माकड म्हणाले, "आधी डास निदान एका जागी तरी होते. या बाईंनी त्यांना घरोघरी पोहोचवलं."

चिचुंद्रीला ते फार लागले, कारण त्यात खोटे काहीच नव्हते. ती मुळांत जाऊन बसली. बेडूक समजूत घालायला आला, पण ती माकडाचेच वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवत होती. एका जागी होते. आवडीची जागा होती, म्हणून एका जागी होते! मग ती जागा मोडायची कशाला?

ती धावतच गव्याकडे गेली. कातळावरच्या खळग्यांत कुजके गवत घालून पाणी ठेवायचे, म्हणजे माद्या बाकीच्या जागा सोडून तिथेच अंडी घालतील. अंड्यांतून अळ्या निघतील, पण त्यांना पंख फुटायच्या आत ते पाणी तापल्या कातळावर उपसून टाकायचे. अळ्या तिथेच सुकून जातील. मग पुन्हा गवत, पुन्हा पाणी. असा तिचा बेत होता.

गवा विचारात पडला. "आणि उपसायचा विसर पडला तर?"

"तर आपणच डास पाळले, असं होईल," चिचुंद्री म्हणाली. "म्हणून माझ्यासारखीच्या पंजाचं हे काम नाही, दादा. तुमचे खूर हवेत. आणि मी सांगेन त्या दिवशी, न चुकता."

गव्याने एकवार हरिणीच्या पाडसाकडे पाहिले. "सांगत जा," तो म्हणाला.

माकडाने शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारत कुजके गवत वाहून आणले. तोंडाने कुरकुर आणि हाताने काम, असे त्याचे चालले होते. माद्या त्या वासाला भुलल्या आणि खळग्यांवर झुंडीने उतरल्या. चिचुंद्री पाणी हुंगून बघे, बेडूक अळ्यांची वाढ न्याहाळे, आणि दोघांनी खूण केली की गवा येऊन खुराने पाणी भिरकावून देई. त्याला दुसरी कितीही कामे असोत, त्या कामाला तो कधी उशिरा आला नाही. ढोलीत आणि फटींत अंडी दिसेनाशी झाली. गुणगुण विरळ होत गेली. नवे कोणी तापाने पडेना, आणि जी पडली होती ती एकेक करून उठू लागली.

पौर्णिमेचा चंद्र डोंगरामागून वर आला, तेव्हा सगळे तळ्याकाठी जमले होते. गव्याने घाटाकडे तोंडही केले नाही. तो वाट सोडून बाजूला उभा होता, कारण त्या वाटेने हरिणीचे पाडस येत होते. चार पावले चालले, थांबले, पुन्हा चालले, आणि पाण्याशी येऊन पोटभर प्यायले. मग त्याने एक उडी मारली, ती नेमकी बेडकाच्या अंगावर चिखल उडवून गेली. अख्ख्या काठावर हशा पिकला.

"आता नदीवर कोण जातंय?" गवा म्हणाला.

कोणीच जाणार नव्हते. माकड फांदीवरून उतरले आणि चिचुंद्रीच्या अगदी शेजारी येऊन बसले.

"नाक दाबणार नाही का?" तिने विचारले.

"सवय झाली," माकड म्हणाले. "उद्या गवत कधी आणू, ते सांग."

तात्पर्य : संकटाला नुसते हुसकावून लावले, तर ते दुसऱ्या दाराने परत येते, पण ते कुठून येते आणि कशाला भुलते हे धीराने समजून घेतले, चूक झाली तरी पाहणे सोडले नाही आणि ठरलेले काम न चुकता केले, तर इवलासा जीवही साऱ्या जंगलाला वाचवू शकतो.