साळूच्या हाताएवढं कपाट

एका राज्यातून बाहेर जायच्या वाटा पुष्कळ होत्या; आत यायची एकही नव्हती.

पूर्वी असं नव्हतं. त्या राज्याचा राजा मणिभद्र. त्याच्या खजिन्यात एक माणिक होतं आणि ते धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाला हवं होतं. भर दरबारात येऊन त्याने ते मागितलं. राजा म्हणाला, "माझ्या खजिन्यातलं काही बाहेर जाणार नाही." मांत्रिक म्हणाला, "बरं तर. तुझ्या राज्यातून बाहेर गेलेलं काही आत येणार नाही." एवढं बोलून तो सीमेवर गेला. नदीपलीकडून राज्यात येणाऱ्या सगळ्या वाटा त्याने सुतासारख्या गुंडाळल्या, लोखंडी पेटीत घातल्या आणि पेटी घेऊन डोंगरातल्या गुहेत जाऊन बसला.

तो दिवस नदीपलीकडच्या देवीच्या जत्रेचा होता. राणी कनकलेखा नवस फेडायला गेली होती, तिच्यासंगे निम्मी नगरी गेली होती. वाटा गुंडाळल्या गेल्या त्या क्षणी पलीकडच्या माणसांना आपलं घर कुठलं ते आठवेनासं झालं. त्यांना शोधायला जे गेले तेही विसरले. मग कुणी जाईना.

त्या निम्म्या नगरीत भानोजी सुताराची बायको साळूही होती.

भानोजीच्या घराची पडवी हीच त्याची कामाची जागा. तिथे त्याने अर्ध्या नगरीची कपाटं घडवली होती: कुणाच्या कोनाड्यात बसणारी, कुणाच्या जिन्याखाली मावणारी, ज्याची भिंत जशी तशी. स्वतःच्या घरात मात्र आढ्याला बांधलेली एक दोरी होती आणि तिच्यावर साळूची दोन लुगडी. "परत येशील तेव्हा कपाट तयार असेल," असं तो जत्रेला निघालेल्या साळूला म्हणाला होता. ती हसली होती. तिचा त्या बोलण्यावर विश्वास नव्हता, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

बारा वर्षं गेली. रोज सकाळी भानोजी ती लुगडी दोरीवरून काढी, झटकी, पुन्हा घडी घालून टाके. एकाचा रंग उडून गेला. दुसऱ्याला वासही राहिला नाही. तरी झटकायचं काही थांबलं नाही.

एके सकाळी पडवीच्या खांबावर टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज झाला. लाल तुऱ्याचा सुतारपक्षी खांबाला बिलगून बसला होता.

"सुतारा," पक्षी म्हणाला, "लुगडी झटकून माणूस येत नसतं."

"मग कशाने येतं?" भानोजीने विचारलं.

"घरात आपली जागा अजून आहे, हे पलीकडच्या एका माणसाला जरी कळलं, तरी त्याला घर आठवेल. एकाला आठवलं की पेटी फुटेल. जागा म्हणजे कपाट. ते तू करशील."

"कसं करू?"

"तीन गोष्टी लागतील. लाकूड असं, ज्याने वाट पाहिली आहे. सांधे असे, ज्यांत लोखंड नाही; कारण वाटा लोखंडात कोंडल्या आहेत. आणि माप असं, जे कुठल्या पट्टीवर नाही. यांतलं एक जरी चुकलं तर हाक पोहोचणार नाही."

भानोजीने करवत उचलली आणि तो सीमेकडे निघाला.

नदीच्या अलीकडच्या काठावर एक जुनी शिवण उभी होती. बारा वर्षं तिच्या सगळ्या फांद्या नदीकडेच वाढल्या होत्या. भानोजी बुंध्याशी आला तेव्हा झाडाने विचारलं, "कुणी आलं का?"

"नाही."

"तू कोण?"

"साळूचा नवरा. सुतार आहे."

झाड म्हणालं, "हिरवं लुगडं नेसलेली होती. नदीत पाय टाकण्याआधी माझ्या सावलीत उभी राहून तिने मागे पाहिलं होतं. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या."

भानोजीला हे ठाऊक नव्हतं. तो बुंध्याला टेकून खाली बसला. ऊन कलेपर्यंत त्याला उठवलं नाही.

"मला तुझं लाकूड हवं आहे," शेवटी तो म्हणाला. "माझ्या घरात तिच्यासाठी कपाट करायचं आहे."

"ने," झाड म्हणालं. "उभं राहून मी पुष्कळ वाट पाहिली. आता मला एक दार कर. उघडायला आणि मिटायला काहीतरी असू दे."

लाकूड पडवीत आलं, आणि ही वार्ता राजवाड्यात पोहोचली. दुसऱ्याच दिवशी राजा मणिभद्र स्वतः पडवीत आला. बारा वर्षांत राजाची दाढी पांढरी झाली होती.

"सुतारा, लाकूड किती कपाटांचं आहे?"

"एकाचं, महाराज."

"मग ते राणीसाहेबांचं होईल. आज्ञा आहे."

भानोजीने मान खाली घातली. रंध्याच्या मुठीवरची त्याची बोटं पांढरी पडली. पण तो म्हणाला, "आज्ञा, महाराज."

फळ्या रंधून झाल्या, मग सांध्यांचं काम निघालं. भानोजी एका फळीला खाच पाडी, दुसरीला जीभ काढी आणि जीभ खाचेत ठोकून बसवी. खिळ्याचं काम नव्हतं. पण दार अडून बसलं. बिजागरीवाचून दार फिरवायचं तर लाकडाचीच खुंटी हवी, वर एक, खाली एक. खुंट्यांची पहिली जोडी फुटली. दुसरीही फुटली. तिसरीला पुरेल एवढाच तुकडा उरला.

तेव्हा दारात एक सौदागर उभा राहिला. त्याच्या हातात सोन्याच्या चार बिजागऱ्या होत्या.

"तुझे कष्ट पाहवत नाहीत," सौदागर म्हणाला. "या लाव. उद्या कपाट उभं राहील. परवा तुझी माणसं घरी येतील."

परवा हा शब्द ऐकून भानोजीने हातातला तुकडा खाली ठेवला. बारा वर्षांत कुणी त्याला दिवस सांगितला नव्हता. त्याने बिजागरी हातात घेतली. ती सोन्याच्या मानाने हलकी होती. त्याने पटाशीच्या टोकाने तिला एक ओरखडा काढला. सोन्याखाली काळं लोखंड दिसलं.

"हे माझ्या कामाचं नाही," भानोजी म्हणाला आणि चारही बिजागऱ्या परत केल्या.

सौदागराचे केस धुरासारखे हलले. तो धूम्रकेश होता. तो उंबरठ्यावरच विरून गेला. भानोजीने उरलेला तुकडा सात दिवस तेलात मुरवला, आठव्या दिवशी त्याच्या खुंट्या काढल्या. दार फिरलं. आवाजसुद्धा झाला नाही.

आता माप राहिलं. वरची फळी किती उंचीवर बसवायची? हात पोहोचेल तिथे. पण कुणाचा हात, किती पोहोचेल?

राजा सोन्याची पट्टी घेऊन आला. "राणीसाहेबांच्या उंचीचा पुतळा उद्यानात आहे. त्यावरून घे."

"महाराज, पुतळ्याने कधी हात वर केलेला नाही. राणीसाहेब फळीवरचं लुगडं काढताना टाचा उचलत का? डावा हात पुढे करत की उजवा?"

राजा विचार करू लागला. "लुगडं तिला दासी आणून देत," तो म्हणाला. "मला माहीत नाही. तिने कशाला हात घातला ते मी कधी पाहिलं नाही." मग पट्टी खाली ठेवून त्याने विचारलं, "तुला तुझ्या घरचं ठाऊक आहे?"

"आहे, महाराज."

"कसं?"

"दिवसभराचं काम झालं की माझ्या डोक्यात भुसा बसलेला असे. ती समोर उभी राहून तो झटकी. टाचा न उचलता. तेवढाच तिचा हात पोहोचे."

राजाने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "मग कपाट तुझ्या घरचं कर," तो म्हणाला. "आज्ञा नाही. विनंती आहे."

भानोजी भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला. त्याने डोळे मिटले. तो हात आठवायला त्याला जरासुद्धा वेळ लागला नाही. डोक्यावर, कानाच्या किंचित मागे. राजाने स्वतः कोळशाने भिंतीवर खूण केली आणि फळी बसवताना तिचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

सुतारपक्ष्याने त्या फळीची एक कुरळी ढलपी चोचीत धरली आणि नदी ओलांडली.

पलीकडच्या गावात एक बाई लोकांची गवताची ओझी वाहत असे. आपलं नाव काय, घर कुठे, तिला ठाऊक नव्हतं. रोज काम झालं की ती नदीकाठी येऊन बसे. का, तेही ठाऊक नव्हतं. ढलपी तिच्या पदरात पडली. तिने ती नाकाशी धरली. मग ती उठली आणि ओझ्याची दोरी तिथेच टाकून त्या वासामागे पाण्यात उतरली.

तिसऱ्या प्रहरी ती भानोजीच्या दारात आली. भानोजी जागचा हलला नाही. तिचे केस पांढरे झाले होते आणि तिची नजर त्याच्यावरून पाहुण्यासारखी फिरून गेली. ती कपाटापुढे गेली. दार उघडलं. वरच्या फळीवर दोन लुगडी घडी करून ठेवली होती. तिने हात वर केला.

हात पोहोचला नाही.

बारा वर्षं डोक्यावर ओझी वाहून ती खाली दबली होती. बोटांत आणि फळीत दोन बोटांचं अंतर राहिलं. माप चुकलं होतं. दुसरं लाकूड नव्हतं.

तिने पुन्हा हात ताणला. पुन्हा तेवढंच अंतर राहिलं. मग तिने हात खाली घेतला आणि मागे न वळता, कुरकुरत्या आवाजात म्हणाली, "अहो, इतक्या वर कुणी ठेवतं का? मला मेलीला पोहोचत नाही."

भानोजी एक पाऊल पुढे आला.

ती वळली. आपण काय बोललो ते तिच्या कानांवर आत्ता पडत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. "किती वाळलात हो," ती म्हणाली, आणि दोघंही तिथेच खाली बसली.

त्याच क्षणी डोंगरातली लोखंडी पेटी फुटली. वाटा उलगडत, उड्या मारत नदीकडे धावल्या. धूम्रकेश त्यांना पकडायला मागे लागला. त्याच्या पायांत इतक्या वाटा गुरफटल्या की त्याला कुठेच जाता येईना, आणि तो आजही त्या डोंगरात गोल फिरतो आहे. पलीकडची माणसं हातातली कामं टाकून उभी राहिली, आपापली नावं मोठ्याने म्हणू लागली आणि घरांकडे निघाली. सूर्य मावळायच्या आत नगरीतली सगळी दारं उघडी होती.

राणी कनकलेखा पालखीवाचून, धुळीच्या पायांनी आली. राजा मणिभद्राने माणिक नदीत टाकलं आणि दासींना बाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने भानोजीला राणीच्या हाताचं माप कळवलं. ते त्याने स्वतः, तिला तीनदा हात वर करायला लावून घेतलं होतं.

भानोजीने मात्र आधी आपल्या घरची फळी उतरवली. दोन बोटं खाली नव्या खाचा पाडल्या आणि फळी पुन्हा बसवली. साळूने हात वर केला. लुगड्याची घडी अलगद हाती आली.

वरच्या जुन्या खाचा रिकाम्या राहिल्या होत्या. त्यांच्यावरून बोट फिरवत तिने विचारलं, "या बुजवायच्या नाहीत का?"

"नको," भानोजी म्हणाला. "तू घरातून गेलीस तेव्हा तेवढी उंच होतीस."