तुटलेल्या धाग्यांची टोकं

“मग तिच्याजवळ बसून तुम्ही नेमकं केलंत काय, मोठेबाबा?”

“हात धरला.”

“बस?”

“बस.”

उदेभानजींनी धोटा फेकला. माग खटखटला.

श्रीरंग देवतळे मागाशेजारी सतरंजीवर बसला होता. नागपूरहून निघून वैनगंगेकाठच्या ह्या गावी तो मे महिन्यात, भर दुपारी पोचला होता. त्याच्या बायकोला, कुंदाला, जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. घरी बोलायला कोणी उरलं नव्हतं. त्यामुळे इथे त्याला आपलाच आवाज फार मोठा वाटला.

उदेभानजी कुंदाच्या वडिलांचे थोरले भाऊ. टसर रेशमाचं कापड विणायचे. गावात कुणाचं काही बिनसलं की माणसं त्यांच्या मागाजवळ येऊन बसत. ते उपदेश करत नसत. माणसं तरीही येत.

“मी प्रयोगशाळेत होतो,” श्रीरंग म्हणाला. “अकरा दिवस. तिच्यासाठीच.”

“हो.”

“नुसतं उशाशी बसून काय झालं असतं?”

माग चालत राहिला.

“फोन पाहिला नाही मी... कळलं तसा धावत आलो. तर मी तिच्या खोलीत शिरताच तुम्ही उठून चालते झालात. एक शब्द नाही!”

“हो.”

श्रीरंगला राग आला. सव्वीस वर्षं तो ह्या विषयात होता. परदेशात बसायला जागा नसली तरी लोक उभं राहून त्याचं ऐकत. इथे एक म्हातारा नुसता ‘हो’ म्हणत होता.

“काय शोधून रायले होते तिथं?” उदेभानजींनी विचारलं.

श्रीरंगने सांगितलं. शरीरातली प्रथिनं घडी घातल्यासारखी असतात. पेशीला फार उष्णता लागली, ताण आला, की त्यांच्या घड्या उसकटतात. मग ती एकमेकांत गुंततात, त्यांचा गोळा होतो. अशा वेळी काही लहान प्रथिनं पुढे येतात आणि उसकटलेल्यांना धरतात.

“अन् घडी घालतात?”

“नाही. ते त्यांना येत नाही. नुसती धरून ठेवतात.”

“सोडतात कवा?”

“नीट करणारं मोठं प्रथिन आलं, की त्याच्या हवाली करतात.”

“अन् तो आलाच नाई तं?”

“धरूनच राहतात. डोळ्याच्या भिंगात तर जन्मभर. ती पुरी पडेनाशी झाली की मोतीबिंदू.”

“म्हंजे माह्यातली थकली.” म्हातारा हसला. त्याचा डावा डोळा दुधाळ झाला होता.

श्रीरंग हसला नाही.

“त्यांना चांगलं-वाईट कळत नाही, मोठेबाबा. कुंदाच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशीसुद्धा त्यांनी तशाच सांभाळल्या. औषधाने मरायच्या, त्या मेल्या नाहीत. ती पकड सोडवणारं काहीतरी मी शोधत होतो. सापडलं असतं तर...”

ताण्यातला एक उभा धागा तुटला. उन्हाने रेशीम कोरडं पडलं होतं. पाठोपाठ दुसरा तुटला.

“धरा,” उदेभानजी म्हणाले.

“मी?”

“सारी टोकं. शेजारच्यात गुतली तं ताणा गेला.”

श्रीरंगने वाकून टोकं चिमटीत धरली. उदेभानजी उठले. माठाकडे गेले. सावकाश पाणी प्यायले. मग उंबऱ्यावर जाऊन बसले.

तिसरा धागा तुटला. श्रीरंगने तोही कसाबसा बोटांत घेतला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. खांदा भरून आला.

“मला सांधता येत नाही हो!”

“माईत हाय.”

“मग मी इथे करतोय काय?”

उदेभानजींनी उंबऱ्यावर पाय पसरले.

दारातलं ऊन हातभर सरकलं. श्रीरंगला धागे आता दिसतही नव्हते, फक्त बोटांना कळत होते. ह्या मागाजवळ लहानपणी आपण तासन्‌तास बसायचो, असं कुंदा सांगायची. काय करायचीस, असं त्याने कधी विचारलं नव्हतं.

उदेभानजी आले. बोटाला राख लावून त्यांनी एकेक टोक त्याच्या चिमटीतून घेतलं, पीळ दिला, सांधलं.

“सोडा आता.”

श्रीरंगची बोटं उघडेनात. म्हाताऱ्याने ती हळूहळू उघडली.

श्रीरंग बोटं चोळत सतरंजीवर टेकला.

“ती दहा वाजता गेली,” श्रीरंग म्हणाला. “मी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. डावा हात गार पडला होता तिचा. उजवा मात्र...”

त्याने कपाळावरचा घाम पुसला.

“उजवा ऊन होता, मोठेबाबा. तुम्ही तो सोडलात कधी?”

उदेभानजी मागावर बसले. धोटा हातात घेतला.

“तुमी आले तवा, जवाई.”