खाडीत न आलेले ढोमे

समुद्र जिथं खाडीत शिरतो, तिथं एक कोळीवाडा होता. पोशा पाटील तिथले प्रमुख. पावसाळ्यात ढोमे मासे अंडी घालायला खाडीत येत, आणि तेवढे महिने गावात कुणी जाळं टाकत नसे. ढोमे पाण्याखाली टर्र टर्र करून एकमेकांना बोलावतात. पाटील होडीतून जात, वल्हं पाण्यात सोडून त्याच्या दांड्याला कान लावत आणि परतून सांगत, "मासली आयली!" मग पुढच्या हंगामाबद्दल गाव निश्चिंत होई.

पुढं पाटलांनीच खटपट करून खाडीच्या मुखाशी एक मोठं चाक बसवून घेतलं. पाण्याच्या ओढीनं ते फिरे आणि घरोघर वीज येई. गावानं पाटलांना डोक्यावर घेतलं.

त्या पावसाळ्यात पाटलांनी कान लावला, तर नुसती चाकाची घरघर. त्यांनी चाकाभोवती मेलेले मासे शोधले. एकही सापडला नाही. मग चाकाचा काय दोष, असं मनाशी म्हणत ते परतले आणि नेहमीसारखं "आयली!" सांगून मोकळे झाले. पुढच्या हंगामात जाळी रिकामी आली. पाटलांनी खापर वाऱ्यावर फोडलं.

दुसऱ्या वर्षी त्यांची बायको चांगुणाही होडीत बसली.

"या घरघरीत काय आयकू येत नाय," पाटील कुरकुरले.

"तुमाना त्यांचा आवाज येत नाय," चांगुणा म्हणाली, "त त्यांना एकमेकांचा कसा येल?"

पाटलांनी चाक थांबवायला लावलं आणि पुन्हा कान लावला. खाली सगळं सुनंसुनं होतं.

किनाऱ्यावर गाव वाट पाहत होतं. 'आयली' म्हटलं असतं, तर चाकही फिरत राहिलं असतं आणि अब्रूही राहिली असती.

"मासली नाय आयली," पाटील म्हणाले. "गेल्या साली पन नव्हती आयली. मी खोटं बोललो."

कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. पण तेव्हापासून ढोम्यांच्या महिन्यांत चाक बंद राहू लागलं आणि गाव कंदिलाच्या उजेडात जेवू लागलं.

त्यानंतर कितीतरी पावसाळे खाडी मुकीच राहिली. ढोमे परतले, तोवर पाटील ठार बहिरे झाले होते. चांगुणेनं वल्ह्याला कान लावला, नवऱ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. पाटील भर होडीत लहान मुलासारखे रडले.

तात्पर्य: आपल्यामुळे कुणी मेलं नाही, एवढ्यावर स्वतःला निर्दोष ठरवू नये, आपल्यामुळे कोण यायचं थांबलं, तेही शोधावं.