साखरेची रेष

एप्रिलची अठरा तारीख. आभाळ ढगाळ, वारा पडलेला, सावलीत बेचाळीस अंश.

एका गावच्या शाळेत देवरे सर रसायन आणि बीजगणित दोन्ही शिकवीत. आदल्या आठवड्यात त्यांनी दोन्ही विषय एकत्र आणले होते. मुलांनी पाणी तापवून त्यात मावेल तेवढी साखर विरघळवली. शंभर ग्रॅम पाण्यात वीस अंशांना दोनशे चार ग्रॅम साखर मावली, साठ अंशांना दोनशे सत्याऐंशी. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर साखर. बिंदू जोडले तशी रेष वर चढत गेली. सरांनी तो कागद भिंतीवर लावला आणि खाली लिहिले, 'पाणी तापले की जास्त विरघळते.' गावाने कौतुक केले.

अठरा तारखेला दुपारी कौतिकाबाई भोई धापा टाकत वर्गाच्या दाराशी आली. तिच्या शेततळ्यात नऊशे रोहू होते. तिचे वर्ष त्यांच्यावरच चालायचे.

"सर, मासे वर येऊन तोंडं वासतायत. पाणी लई तापलंय. आज कालव्याची पाळी माझी आहे. गार पाणी सोडू का? नाहीतर शेजारचे केळीला मागतायत."

पाण्यात विरघळलेल्या हवेवर मासे जगतात, हे सरांना माहीत होते. तापल्या पाण्यात हवा किती मावते, हे त्यांनी कधी मोजले नव्हते. त्यांनी भिंतीकडे पाहिले.

"पाणी तापलंय ना? मग हवाही जास्तच विरघळली असणार. मासे खेळतायत, बाई. पाळी खुशाल केळीला द्या."

पुढच्या बाकावरची रेवती उठली. "पण सर, गरम सोडा फोडला की सगळी हवा फसफसून निघून जाते. गार सोड्यात टिकते."

"हिच्या बापाची सोड्याची गाडी!" मागून कोणी ओरडले. "हिला मासेसुद्धा बाटलीत दिसतात!" वर्ग हसला.

सरांच्या हातातला खडू थांबला. चाळीस मुले पाहत होती.

"खाली बस," ते म्हणाले. "आलेख सगळ्यांच्या समोर आहे."

"तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणता तसंच असंल," असे म्हणून कौतिकाबाई गेली. तिने पाणी केळीला दिले.

शाळा सुटल्यावर सरांनी कपाटातून जाडे पुस्तक काढले. हवेचा आलेख त्यात होता. त्याची रेष उजवीकडे उतरत गेली होती. पाणी जेवढे तापलेले, तेवढी हवा कमी. तेव्हा साडेचार वाजले होते. कालव्याचे पाणी सहापर्यंत वाहणार होते आणि तळे शाळेपासून पंधरा मिनिटांवर होते. सरांनी चपला घातल्या. फाटकापर्यंत गेले. बाहेर पारावर माणसे बसली होती. त्यांतल्या एकाने हाक मारली, "काय सर, आज तर मासेवालीलाही गणित शिकवलं म्हणे!"

सर कसनुसे हसले. उद्या वर्गात दुरुस्ती सांगू, असे त्यांनी ठरवले, आणि ते घराकडे वळले.

एकोणीस तारखेला उजाडले तेव्हा नऊशेपैकी आठशे चौसष्ट मासे पोट वर करून तरंगत होते. छत्तीस जिवंत होते.

तात्पर्य: साखरेवर मोजलेला नियम हवेला लावू नये, आणि आपली चूक कळली की ती सांगायला उद्याची वाट पाहू नये.